बुजगावण्याची साक्ष

धानाच्या लोंब्या दुधावर आल्या की पवनी तालुक्यातल्या बांध्यांमध्ये बुजगावणी दिसू लागतात. उभ्या-आडव्या बांबूंचा सांगाडा, अंगात कोणाचा तरी विटका सदरा, डोक्याच्या जागी चुन्याचे डोळे काढलेले मडके. पहिल्या दिवशी मुनियांचा थवा येतो, बांधीवर एक घिरटी घालतो आणि पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसतो. दोन-तीन दिवसांनी त्यातली चार पाखरे धुऱ्यावर उतरतात, दाणा टिपतात, मान वर करून पाहतात, पुन्हा टिपतात. आठवडा उलटतो न उलटतो तोच सदऱ्याच्या बाहीवर कावळा बसलेला असतो. मग शेतकरी बुजगावण्याची जागा बदलतो, सदरा बदलतो, हाताला चकाकणारी पट्टी बांधतो. पुढचे चार दिवस निभावतात.

हा खटाटोप फसवण्याचा आहे. पाण्याला बांध घालता येतो, वाऱ्याला आडोसा करता येतो, पण पाण्याला किंवा वाऱ्याला कोणी फसवत नाही. फसतो तो, ज्याला काहीतरी वाटत असते आणि जे वाटते ते खरे नसते. शेतात माणूस उभा नाही. पाखराला वाटते की आहे. त्याला काही वाटतच नसेल तर मडक्यावर डोळे कशाला काढायचे?

भाषा नसलेल्या प्राण्याला विचार असतो का, अमुक गोष्ट अशी आहे असे तो मानू शकतो का, हा तत्त्वज्ञानातला जुना आणि अजून न मिटलेला वाद आहे. माझे उत्तर 'हो' असे आहे, आणि ते मी प्राणिप्रेमापोटी देत नाही. 'नाही' म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद भक्कम आहे. तो आधी नीट ऐकला पाहिजे.

अमेरिकन तत्त्वज्ञ नॉर्मन माल्कम यांनी 1972 च्या एका व्याख्यानात एका कुत्र्याचे उदाहरण दिले. कुत्रा मांजरीच्या मागे लागतो, मांजर त्याच्या नजरेआड भलत्याच झाडावर चढते, आणि कुत्रा शेजारच्या झाडाखाली उभा राहून वर पाहत भुंकत राहतो. 'मांजर त्या झाडावर आहे असे त्याला वाटते' हेच आपण सगळे म्हणू. डोनाल्ड डेव्हिडसन यांनी 1982 मध्ये हेच उदाहरण उचलून आडवा प्रश्न घातला. प्रसंग आपण पवनीच्या एखाद्या परसात आणू. कुत्रा ज्या झाडाकडे पाहून भुंकतो आहे ते मोहाचे आहे. तेच गावातले सगळ्यांत जुने झाड आहे. मागच्या खेपेला मांजर चढली होती तेही हेच. मग 'मांजर मोहावर आहे' असे कुत्रा मानतो, की 'मांजर गावातल्या सगळ्यांत जुन्या झाडावर आहे' असे? मोह म्हणजे काय, झाड म्हणजे काय, त्याला मुळे असतात, ते वाढते, वाळते, यातले काहीच ज्याला ठाऊक नाही त्याचा विचार 'झाडाबद्दल' आहे असे कशाच्या जोरावर म्हणायचे? एक विचार एकटा उभा राहत नाही, त्याच्या आजूबाजूला शेकडो विचारांचे रान असावे लागते, आणि ते रान भाषेशिवाय उगवत नाही, असा हा पहिला घाव.

दुसरा घाव याहून खोल आहे. डेव्हिडसन म्हणतात, मानणे म्हणजे चुकू शकणे. आणि चूक म्हणजे काय हे ज्याला कळते त्याचेच मानणे खरे मानणे. जग एक आणि माझी समजूत दुसरी, ही फट दिसली पाहिजे. ती फट आपल्याला दोघांच्या बोलण्यात सापडते. मी एक म्हणतो, तुम्ही दुसरे म्हणता, आणि मग खरे काय ते पाहायला आपण दोघे जगाकडे वळतो. ज्याला बोलणेच नाही त्याला ही फट कोण दाखवणार?

हा वाद पश्चिमेतून आयात झालेला नाही. सुमारे पाचव्या शतकात भर्तृहरीने 'वाक्यपदीय'मध्ये ठासून सांगितले की शब्दाचा धागा नसलेले ज्ञान जगात नाही. त्याच्या समोर बौद्ध तर्कपंडित उभे राहिले. त्यांची आठवण पवनीत सहज होते. ही वैनगंगेकाठची नगरी मौर्यकाळापासून बौद्ध केंद्र होती. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले तेव्हा तिथला भव्य स्तूप उजेडात आला. मुचलिंद नागाचे नाव कोरलेले शिल्पही इथे मिळाले आहे. संबोधीनंतरच्या पावसात बुद्धावर फणा धरणारा तो मुचलिंद. पाऊस पडतो आहे, समोर बसलेला माणूस भिजतो आहे, हे त्या नागाला कळले, असे ज्या शिल्पकाराने दगडात कोरले त्याला प्राण्याच्या कळण्याबद्दल शंका नव्हती.

पण श्रद्धेपेक्षा मला या परंपरेचा तर्क जास्त महत्त्वाचा वाटतो. दिङ्नागाने शुद्ध प्रत्यक्ष हे कल्पनेपासून मुक्त असते असे म्हटले. मग कल्पना, म्हणजे संकल्पनेने घडलेले ज्ञान, कशाला म्हणायचे? सातव्या शतकात धर्मकीर्तीने उत्तर दिले ते फार नेमके आहे. जे ज्ञान शब्दाशी जोडले जाण्याजोगे आहे ते. जोडलेलेच असले पाहिजे असे नाही, जोडण्याजोगे असले की पुरे. ही सूट त्याने का ठेवली, हे त्याचा टीकाकार धर्मोत्तर सांगतो आणि दाखला देतो तो तान्ह्या मुलाचा. भुकेले मूल रडत असते. पूर्वी तोंडात आलेला स्तन तो हाच, अशी ओळख पटते तेव्हाच ते रडे थांबवून तोंड लावते. शब्द एकही येत नाही, तरी 'हे तेच' ही जोडणी त्याने केली आहे. तेराशे वर्षांपूर्वी या माणसांनी पाळण्यात डोकावून पाहिले आणि भाषेआधीच्या विचाराला जागा करून दिली. धर्मोत्तर मुलापाशी थांबतो. मी तिथून गोठ्यात जातो, कारण वासराची गोष्ट वेगळी कशी ठरवायची हे मला कळत नाही.

आता पहिल्या घावाकडे. कुत्र्याच्या विचाराचा नेमका मजकूर आपल्याला मराठीत मांडता येत नाही, हे खरे. पण त्यातून निघते इतकेच की त्याच्या विचाराचे तुकडे आपल्या शब्दांच्या मापाने पडलेले नाहीत. नेमके सांगता येत नाही म्हणून मुळात काही नाहीच, ही उडी मला मान्य नाही. तान्ह्या मुलाबद्दल आपण ती मारत नाही. लकवा मारून वाचा गेलेल्या माणसाबद्दलही मारत नाही, आणि मारू नये याला पुरावा आहे. रोझमेरी व्हार्ली आणि मायकेल सीगल यांनी 2000 मध्ये अशा एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्याच्या मेंदूतली वाक्यरचनाच कोलमडली होती. त्याला साधे वाक्य जुळवता येत नव्हते की समजत नव्हते. तरी कार्यकारणाची कोडी त्याने सोडवली, आणि 'या दुसऱ्या माणसाची समजूत चुकीची आहे' हे ओळखण्याची परीक्षाही तो उत्तीर्ण झाला. त्याला आधी भाषा होती, म्हणून हा पुरावा जनावरांना थेट लागू पडत नाही, हे मला मान्य आहे. पण वाक्य हे विचाराचे एकमेव घर आहे, या म्हणण्याला मात्र तो तडा देतो.

कुत्र्याच्या मनातही काही ना काही रान असतेच. झाडावर जाता येत नाही, खाली थांबले तर मांजर कधीतरी उतरेल, हाक मारली तर मालक येईल, हे त्याच्या वागण्यात एकमेकांना धरून असते. त्याला झाडाची मुळे ठाऊक नसतील; झाडाचा जो भाग त्याच्या जगण्यात येतो तो ठाऊक आहे. आठवीतल्या मुलीचा 'वीज' हा विचार आणि महावितरणच्या अभियंत्याचा 'वीज' हा विचार सारख्याच दाट रानात उभा नसतो. म्हणून मुलीला विजेबद्दल काही वाटतच नाही असे आपण म्हणत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती चुकवून पुढे जाणे बरे नव्हे. बुजगावण्याचा दाखला एकट्याने पुरा पडत नाही. एकच झटका वारंवार बसला की गोगलगायीसारखा साधा जीवही त्याला सरावतो आणि आक्रसायचा थांबतो. तिथे कोणी 'मत बदलले' असे म्हणत नाही. पाखरूही बुजगावण्याला नुसते सरावले असेल तर? शिवाय भोळ्या निरीक्षकाची फजिती कशी होते याची मोठी शिकवण आपल्यामागे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा करतो म्हणून गाजला. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले की तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसले की हान्सही चुके. या प्रकरणाने प्राण्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांना कायमचे सावध केले, आणि ते योग्यच झाले. पण या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सहसा कोणी सांगत नाही. भुवईच्या हालचालीवरून थांबायचे केव्हा हे ओळखणारा घोडा काही मठ्ठ नव्हता.

तेव्हा नुसता सराव आणि खरी समजूत यांतला फरक कशावरून ओळखायचा? माझ्या मते दोन गोष्टींवरून. एक, तीच माहिती वेगवेगळ्या कामांना लागते का. आणि दोन, जगाने खोडून काढले की ती सुधारली जाते का. पतंग दिव्यावर झेपावतो, भाजतो आणि पुन्हा झेपावतो. त्याला दिव्याबद्दल काही वाटते असे मी म्हणणार नाही. कावळ्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा घातलेला माणूस दिसला की कावळे कालवा करीत. माणूस दुसरा असला तरी मुखवट्यावर राग, आणि तोच माणूस बिनमुखवट्याचा आला तर काही नाही. जे कधी पकडलेच गेले नव्हते असे कावळेही त्या कालव्यात सामील होऊ लागले. एका प्रसंगातून घेतलेली माहिती महिन्यांनी, दुसऱ्या जागी, वेगळ्या कामाला येते आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाते. याला 'हा चेहरा घातकी आहे असे ते मानतात' यापेक्षा सोपे आणि प्रामाणिक वर्णन मला सापडत नाही.

जंगलातले वाटाडे तर याच भाषेत बोलतात. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये जाहीर झाले. 189 चौरस किलोमीटरचे हे लहानसे रान पवनीच्या दारापर्यंत येते. सफारीची जिप्सी थांबते, इंजिन बंद होते आणि सगळे कान टवकारतात. झाडावरचे वानर खाकरल्यासारखे ओरडते, खाली चरणारी चितळे एकदम माना वर करतात, एखादे पुढचा पाय आपटते. चितळांनी वाघ पाहिलेला नसतो. वानराने पाहिला आहे असे समजून ती वागत असतात. अनुभवी वाटाड्या मात्र नुसत्या चितळाच्या कॉलवर गाडी पळवत नाही. चितळ उगाचही ओरडते, सांबराचा कॉल सहसा फुकट जात नाही, असा त्यांचा हिशेब असतो. खरा कॉल आणि खोटा कॉल, हा भेद त्यांना कोणा तत्त्वज्ञाने शिकवलेला नाही. जी गोष्ट खरी-खोटी ठरू शकते तिच्यामागे काहीतरी मानणारा जीव असतो, हे ते रोजच्या कामात गृहीत धरतात, आणि त्या गृहितावर त्यांची रोजी चालते.

आता डेव्हिडसन यांचा दुसरा घाव. चूक करणे वेगळे आणि चूक उमगणे वेगळे, हे त्यांचे म्हणणे मी मानतो. माझी हरकत एवढीच की उमगायला दुसऱ्याचे बोलणेच लागते हे त्यांनी सिद्ध केलेले नाही, गृहीत धरले आहे. 2001 मध्ये रॉबर्ट हॅम्पटन यांनी लाल तोंडाच्या माकडांवर केलेला प्रयोग पाहा. माकडाला एक चित्र दाखवायचे, ते झाकायचे, आणि काही वेळाने विचारायचे की या चारांतले मघाचे चित्र कोणते. बरोबर ओळखले तर आवडता खाऊ, चुकले तर काही नाही. पण परीक्षेआधी माकडाला एक मुभा होती. परीक्षा नाकारायची आणि साधा खाऊ घ्यायचा. मधला वेळ जसजसा लांबला तसतशी माकडे नकार देऊ लागली. मुळात चित्रच दाखवले नाही तेव्हा तर बहुतेक वेळा नकारच. आपल्याला आठवत आहे की नाही, याचा अंदाज त्यांना होता. स्वतःच्या समजुतीवर किती विसंबायचे हा प्रश्न जिथे उभा राहतो, तिथे ती फट थोडीशी का होईना किलकिली झालेली आहे.

प्रयोगशाळेपर्यंत जायलाच हवे असेही नाही. रानडुकरांसाठी शेताभोवती सौर कुंपण घालतात. त्याचा झटका क्षणभराचा असतो, चटका देतो, जीव घेत नाही. एकदा नाकाला झटका बसलेली गाय नंतर त्या तारेपाशी कशी येते ते पाहण्यासारखे आहे. तारेपासून हातभर अलीकडे ती थबकते. पलीकडे कोवळे गवत असते. मान लांबवते, नाकपुड्या फुलतात, कान पुढे येतात, आणि ती मागे सरते. त्या दिवशी बॅटरी उतरलेली असते, तारेत काही नसते. तरी ती मागे सरते. तार जिवंत आहे अशी तिची समजूत आहे, आणि त्या दिवशी ती चुकीची आहे. एखादे दिवशी दुसरे गुरू चुकून तार ओलांडते, काही होत नाही, आणि मग ही गाय पुन्हा नाक पुढे करून पाहते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या आरंभीच, अध्यासाचा विचार करताना, गुराचे असेच उदाहरण घेतले आहे. काठी उगारलेला माणूस दिसला की गुरे पळतात, हिरवे गवत हातात घेतलेला दिसला की जवळ येतात, आणि शहाण्यासुरत्या माणसाचे व्यवहार याहून वेगळे नसतात. त्यांना माणसाचे अज्ञान दाखवायचे होते. पण तेच वाक्य गुराच्या बाजूने वाचले तर गुराला माणसाच्या पंक्तीला बसवते.

भाषेने फरकच पडत नाही असे मी म्हणत नाही. फार मोठा फरक पडतो. अभयारण्याची हद्द कुठे संपते, हे वाघाला कधीच कळणार नाही, कारण ती हद्द फक्त अधिसूचनेच्या कागदावर आहे. जय नावाचा वाघ 2013 मध्ये नागझिऱ्याहून निघाला आणि वैनगंगा ओलांडून इकडे आला. वाटेत गावे होती, शेते होती, महामार्ग होता. पाणी कुठे, लपण कुठे, कोणती वाट रात्रीच घ्यायची, हे त्याचे त्याने जमवले. यातले किती विचार होते आणि किती अंगभूत ओढ, हे वेगळे करून दाखवता येणार नाही, पण सगळे ओढीवर ढकलणे मला आळशीपणाचे वाटते. एप्रिल 2016 नंतर जय पुन्हा दिसला नाही. त्याचा बछडा मानला जाणारा श्रीनिवास हा वाघ पुढच्या वर्षी, 2017 च्या एप्रिलमध्ये, नागभीडकडच्या एका शेतात विजेच्या तारेला लागून मेला.

ती तार वाघासाठी लावलेली नव्हती. रानडुकरे एका रात्रीत उभे पीक आडवे करतात. शेतकऱ्याची वर्षाची मेहनत जाते, भरपाईला हेलपाटे पडतात, रात्र-रात्र माळ्यावर जागून काढावी लागते. त्याचा संताप मला समजतो. तरीही थेट लाइनवरून आकडा टाकून तारेत सोडलेला प्रवाह आणि बुजगावणे यांच्यात जो फरक आहे तो माझ्या मनातून जात नाही. बुजगावणे, डबे वाजवणे, शेकोटी, सौर कुंपण, हे सगळे समोरच्या जनावराला काहीतरी समजेल या भरवशावर उभे असते. मुख्य लाइनच्या तारेला त्या भरवशाची गरजच नसते. डुक्कर असो, वाघ असो, चितळ असो की धुऱ्यावरून अंधारात चाललेला माणूस असो, तिला सारखेच. आणि हे साधले जाते नेमक्या त्या जागी, जिथे भाषा नसल्याची किंमत जनावर चुकवते. 'तिकडे जाऊ नको, तार आहे' हे आपण एकमेकांना आधी सांगू शकतो. वाघाला ते कोणी सांगू शकत नाही. त्याच्याकडे चूक करून शिकण्याचा एकच मार्ग आहे, आणि ही तार पहिल्या चुकीनंतर शिकायला कोणी शिल्लक ठेवत नाही.

श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. ज्या गावांनी कुंपण घेतले त्यांना पुढची कटकटही ठाऊक आहे. पावसाळ्यात तारेखाली गवत वाढते, ते तारेला टेकले की झटका मंदावतो, बॅटरी उतरते. आठ दिवस दुर्लक्ष झाले की डुकरे आत येतात. ती का येतात याचे उत्तर, निदान मला, स्पष्ट दिसते. कुंपण एकदा शिकवून मोकळे होत नाही, कारण पलीकडचे जनावर त्याची पुन्हा पुन्हा परीक्षा घेते. म्हणून गावाने पाळी लावून दर आठवड्याला तारेखालचे गवत कापावे, बॅटरी तपासावी, आणि हे काम रोवणीआधीच ग्रामसभेत ठरवून घ्यावे.